कुर्डुवाडी : दोन मापांच्या रुळांवर वाढलेले जंक्शन

भारतीय लोहमार्गांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बोरीबंदरापासून प्रारंभ करतात, भोर आणि थळ या घाटांच्या बांधणीपाशी काही काळ विसावतात, मोठमोठ्या पुलांच्या कमानी मोजतात आणि राजधान्यांच्या शहरांतील भव्य स्थानकांचे वर्णन करून ग्रंथाची समाप्ती करतात. परंतु ज्या लहान लहान गावांच्या शिवारातून हे रूळ गेले, त्या गावांच्या जीवनक्रमात त्यामुळे कोणते स्थित्यंतर घडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे अशा गावांपैकी एक ठळक उदाहरण आहे. प्राचीन मंदिर, किल्ला, राजवाडा किंवा मोठे तीर्थक्षेत्र यांपैकी कशाचाही आधार नसलेली ही वाडी केवळ रेल्वेमुळे महाराष्ट्राच्या नकाशावर आली. आणि तिला जे महत्त्व लाभले ते येथे दोन मार्ग एकत्र येतात एवढ्यामुळे लाभले असे म्हणणे अपुरे होईल, कारण एकत्र येऊनही ते मार्ग शंभरांहून अधिक वर्षे एकमेकांत मिसळू शकले नाहीत, आणि या न मिसळण्यातच या गावाची भाकरी होती.

माढा तालुक्यात, पश्चिमेकडील भीमा आणि पूर्वेकडील सीना या दोन नद्यांच्या मधल्या कोरडवाहू पठारावर हे स्थानक आहे. मुंबईहून ते सुमारे ३७५ किलोमीटर, पुण्याहून सुमारे १८५ आणि सोलापूरहून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर पडते. मुंबई-पुणे-सोलापूर हा हमरस्त्यासारखा मार्ग येथून जातो. त्याला ईशान्येकडून बार्शी, धाराशिव, लातूर या बाजूची शाखा येऊन मिळते आणि नैर्ऋत्येकडे पंढरपूर, सांगोले, मिरज या बाजूची शाखा फुटते. म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्र या तीन प्रदेशांची वाट जेथे एकमेकीला छेदते, असे हे ठिकाण होय.

या चौकाचा पहिला रस्ता घातला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वे या कंपनीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्यानंतर दक्षिणेच्या मार्गाचे काम ज्या क्रमाने झाले तो क्रम मोठा चमत्कारिक आहे. भोर घाटातील बोगदे आणि उतार यांचे काम अत्यंत बिकट असल्यामुळे त्याला अनेक वर्षे लागणार हे उघड होते. तेव्हा घाट पुरा होण्याची वाट न पाहता कंपनीने घाटमाथ्यावरील सपाट मुलखात रूळ टाकण्यास आरंभ केला. १८५८ च्या जून महिन्यात खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस गाडी भीमेकाठच्या डिकसळपर्यंत गेली, १८५९ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीस पोहोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला जाऊन थांबली. भोर घाटातील मार्ग वाहतुकीस खुला झाला तो मात्र १८६३ च्या एप्रिलमध्ये. याचा अर्थ असा, की या माळरानावर इंजिनाची शिटी वाजू लागली तेव्हा मुंबईचा उतारू खोपोलीस उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून खंडाळ्याला चढत होता आणि वर येऊन पुन्हा आगगाडीत बसत होता. आपल्या प्रसिद्ध घाटमार्गापेक्षा हे आडवळणाचे स्थानक वयाने वडील आहे, ही गोष्ट फार थोड्या प्रवाशांच्या ध्यानी येते.

त्या काळी या स्थानकाचे नाव कुर्डुवाडी नव्हते. कंपनीच्या दप्तरात आणि फलाटाच्या पाटीवर ते ‘बार्शी रोड’ असे होते. मार्गापासून दूर राहिलेल्या मोठ्या पेठेचे नाव जवळच्या स्थानकाला देण्याची रेल्वे कंपन्यांची रीत होती आणि बार्शी ही तशीच मोठी पेठ होती. इंग्रजी अंमलाखालील बार्शी तालुका बहुतेक अंगांनी निजामाच्या मुलखाने वेढलेला असल्यामुळे बालाघाटापलीकडील कापूस, गळिताची धान्ये आणि डाळी बार्शीच्या आडतीवर उतरत, आणि तेथून बैलगाड्यांच्या रांगा वीस-बावीस मैलांची मजल मारून बार्शी रोडच्या मालधक्क्यावर येत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. त्या वेळी दख्खनमध्ये रूळ तयार होते, हा योगायोग मुंबईच्या व्यापाऱ्यांना चांगलाच फळला. पुढे १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडला गेला आणि मुंबई-मद्रास ही दोन बंदरे एका लोहमार्गाने बांधली गेली. त्या महामार्गावरील असंख्य विरामांपैकी बार्शी रोड हा एक विराम झाला.

रेल्वेच्या या पहिल्या पर्वाचे वर्णन करताना १८७६ ते १८७८ या दुष्काळाचा उल्लेख टाळता येणार नाही. सोलापूर जिल्हा त्या आपत्तीत होरपळून निघाला. आगगाडीने बाहेरचे धान्य आत येऊ शकले, ही तिची मोठी सेवा होय. परंतु धान्य फलाटावर येऊन पडणे आणि ते उपाशी माणसाच्या घरात पोहोचणे या दोन गोष्टींमध्ये बाजारभाव नावाची भिंत उभी असते, आणि ज्याचे बैल मेले व ज्याची मजुरी बुडाली त्या कुणब्याला ती ओलांडता येत नाही, हा धडाही त्या वर्षांनी दिला. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांची अवस्था तर अधिकच कठीण होती, कारण चाऱ्यावाचून बैल चालेनात आणि बैलांवाचून धान्य हलेना. मोठ्या मार्गाला लहान शाखा हव्यात, हा विचार राज्यकर्त्यांच्या मनात दृढ होण्यास दुष्काळांचा हा अनुभव फार कारणीभूत झाला.

या विचाराला बार्शीच्या बाबतीत मूर्त रूप देणारा पुरुष म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता. १८५७ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, येथील मुलूख त्याने पाहिला आणि स्वस्त व हलक्या लोहमार्गांचा त्याला ध्यास लागला. बार्शी ते बार्शी रोड हा मार्ग किफायतशीर ठरेल अशी त्याची खात्री झाली. परंतु सरकारी परवानगी, भांडवल आणि करारमदार यांच्या खटपटीत कित्येक वर्षे गेली. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना झाली आणि १८९७ मध्ये हा सुमारे २१ मैलांचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. ते वर्षही दुष्काळाचे आणि प्लेगाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा गाडीकडे लोकांनी कोणत्या आशेने पाहिले असेल याची कल्पना येते.

कॅल्थ्रॉपची कल्पना नेमकी काय होती, हे सामान्य वाचकासाठी थोडे उलगडून सांगितले पाहिजे. दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतराला मार्गाचे माप म्हणतात. हिंदुस्थानातील मोठ्या मार्गाचे हे माप साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर आहे; मधल्या मार्गाचे एक मीटर; आणि बार्शी लाइटसाठी निवडलेले माप केवळ अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माप अरुंद असले की वळणे आखूड घेता येतात, भराव व खोदाई कमी लागते, पूल लहान होतात आणि एकंदर खर्च बराच उतरतो. पण अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यातील गाडी, तिच्यावर भारी माल जाणार नाही, असा तत्कालीन अभियंत्यांचा समज होता. कॅल्थ्रॉपने यावर काढलेली युक्ती साधी असूनही मूलगामी होती : गाडीचा भार अनेक चाकांवर सारखा वाटून द्यावा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक वजन येऊ देऊ नये, म्हणजे यार्डाला ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरूनही जड आगगाडी सुखरूप जाईल. लीड्सच्या किटसन कंपनीने यासाठी आठ जोडचाकांची इंजिने बांधली, दाबीव पोलादाच्या चौकटींवर लांब डबे तयार झाले, आणि लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून या साऱ्याचे प्रात्यक्षिक जाणत्या लोकांना दाखवण्यात आले. बार्शीच्या माळावर सिद्ध झालेली ही पद्धती पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या लहान मार्गासाठी वापरली गेली; तोही मार्ग कॅल्थ्रॉपनेच आखला होता. तो १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडला. त्याची थोरली बहीण असलेली बार्शी लाइट मात्र एकविसावे शतक पाहून गेली.

बार्शीच्या मालाने कंपनीचा जम बसवला, पण तिला लोकमानसात स्थान मिळवून दिले ते पंढरीच्या वाटेने. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून मोडनिंब, आष्टी या गावांवरून पंढरपूरपर्यंतचा मार्ग खुला झाला. तोवर आगगाडीने येणारा यात्रेकरू मुख्य मार्गावरील एखाद्या स्थानकावर उतरून उरलेली मजल पायी किंवा गाडीने करीत असे. आता तो थेट चंद्रभागेच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उतरू लागला. आषाढी आणि कार्तिकी या दोन यात्रांच्या काळात या चिमुकल्या गाडीवर जो भार पडे तो कॅल्थ्रॉपच्या पाच टनांच्या हिशोबात बसणारा नव्हता. उतारूंचे डबे अपुरे पडत म्हणून मालाचे डबे जोडले जात, डब्यांत जागा उरली नाही की माणसे टपावर चढत, आणि टाळ-मृदंगाच्या गजरात गाडी हळूहळू माळ कापीत जाई. दिंडीबरोबर पायी जाणाऱ्या वारकऱ्याच्या निष्ठेला रेल्वेने बाध आणला नाही. वृद्ध, अपंग, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि दोन दिवसांपलीकडे सुट्टी न मिळणारे गिरणीकामगार यांना मात्र तिने विठ्ठलदर्शनाचा मार्ग मोकळा केला. या सोयीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यात्रेत पटकीची साथ उद्भवली की परत फिरणाऱ्या गाड्यांबरोबर ती दूरदूरच्या गावी जाई, आणि त्यामुळे यात्रेचा बंदोबस्त, पाण्याची व्यवस्था व आजाऱ्यांची तपासणी हे विषय रेल्वे आणि सरकारी आरोग्यखाते या दोहोंच्या डोक्याला कायमचे लागले.

पूर्वेकडे बार्शीपुढचा मार्ग पांगरी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड असा सरकत १९११ मध्ये लातूरला पोहोचला. या टप्प्यात गाडी इंग्रजी हद्द सोडून निजाम सरकारच्या मुलखात शिरत असे. राज्य बदले, नाणे बदले, जकातीचे नाके लागे, पण डबा तोच राही. लातूरची बाजारपेठ आज तूरडाळीसाठी सर्वश्रुत आहे. तिच्या भरभराटीचा पाया घालण्यात या अडीच फुटी मार्गाचा वाटा मोठा आहे. दक्षिणेकडे पंढरपूरपुढील मार्ग सांगोले, ढालगाव, कवठेमहांकाळ यांवरून १९२७ मध्ये पटवर्धनी संस्थानाच्या मिरजेस मिळाला आणि तेथे पुणे-बेळगाव बाजूच्या मीटर मापाच्या मार्गाशी त्याची गाठ पडली. त्याच वर्षी कॅल्थ्रॉप निवर्तला. मिरज ते लातूर हा एकूण २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग एका खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. त्याच्या मध्यावर कुर्डुवाडी होती आणि कंपनीचा सारा कारभार येथूनच चाले.

आता या जंक्शनाचे खरे मर्म. लातूरहून मुंबईस जाणारे डाळीचे पोते अरुंद मार्गाच्या डब्यातून कुर्डुवाडीपर्यंत येई. परंतु अडीच फुटांचा डबा साडेपाच फुटांच्या रुळांवर चालू शकत नाही, त्यामुळे ते पोते तेथे उतरवून, पाठीवर वाहून, मोठ्या मार्गाच्या डब्यात पुन्हा भरावे लागे. मुंबईहून येणारे कापड, लोखंड, रॉकेल आणि औषधे यांची गत उलट दिशेने तीच. रेल्वेच्या कागदोपत्री यास मापभेदाची अडचण म्हणत, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती अडचण खरीच होती : वेळ मोडे, पोती फाटत, चोरीमारी होई, हमाली भरावी लागे. परंतु या अडचणीवरच शेकडो हमाल, मुकादम, मापाडी, आडत्ये, गाडीवान आणि कारकून यांचे संसार उभे राहिले. मालाचे जे होई तेच माणसांचे. मोठ्या लाइनीवरून उतरलेल्या उतारूला छोट्या लाइनीची गाडी तात्काळ मिळेलच असा नेम नसे; मग रात्र फलाटावर किंवा धर्मशाळेत काढावी लागे, चहा लागे, भाकरतुकडा लागे, आंघोळीला पाणी लागे, आणि या गरजांभोवती खानावळी, चहाची हॉटेले, फळवाले, केशकर्तनालये आणि टांगे यांची वस्ती स्थानकाच्या दारात गोळा झाली. कुर्डू या मूळ गावाची ही वाडी अशा रीतीने मूळ गावाहून मोठी झाली.

या वस्तीचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे रेल्वेचा कारखाना. मुख्य मार्गापासून मापानेच वेगळ्या पडलेल्या गाड्यांची दुरुस्ती इतरत्र करणे शक्य नव्हते, म्हणून बार्शी लाइटने कुर्डुवाडीतच आपला कारखाना उभारला. लोहार, सुतार, कातारी, बॉयलरचे काम जाणणारे मिस्त्री आणि रंगारी यांच्या पिढ्या तेथे तयार झाल्या. बापाच्या हाताखाली मुलगा शिकला आणि मुलाच्या हाताखाली नातू. ज्या तालुक्यात पाऊस चुकला की साऱ्या वर्षाचे गणित चुकते, तेथे महिन्याच्या ठरलेल्या तारखेस पगार घेणारा वर्ग निर्माण होणे, हीच एक सामाजिक क्रांती होती. पगाराच्या दिवशी फुलणारा बाजार, कामगारांची संघटना, रेल्वेच्या चाळी, नाना जातींची आणि नाना भाषांची शेजारवस्ती हे सारे या कोरडवाहू मुलखाला नवे होते.

स्थानक म्हणजे केवळ तिकिटाची खिडकी आणि फलाट नव्हे, हेही येथे सांगावेसे वाटते. कारण गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यामागे एक काटेकोर शासन चालू असते. कुर्डुवाडीच्या आसपासचा मुख्य मार्ग विसावे शतक संपले तरी एकेरीच होता. एकेरी मार्गावर दोन बाजूंनी येणाऱ्या गाड्या एकाच रुळावरून जाणार, तेव्हा त्यांची गाठ मधेच पडू नये यासाठी दोन स्थानकांमधला तुकडा एका वेळी एकाच गाडीला देण्याचा दंडक आहे. पुढच्या स्थानकाच्या मास्तराने यंत्रावरून संमती दिल्याखेरीज मागच्या मास्तराला आपल्या यंत्रातून लोखंडी गोळा काढता येत नाही, आणि तो गोळा हाती पडल्यावाचून ड्रायव्हर गाडी हाकत नाही. वेताच्या कडीत अडकवलेला तो गोळा धावत्या गाडीतून घेणारा-देणारा खलाशी, रूळ बदलणारा सांधेवाला, डबे जोडून-तोडून गाडी सिद्ध करणारा शंटिंगचा जमादार, पार्सलबाबू, दिवे लावणारा दिवेवाला, इंजिनाला पाणी देणारा पंपवाला : या प्रत्येकाच्या हुद्द्याला एक जोखीम चिकटलेली होती आणि एकाच्या डुलकीने शेकडो जीव धोक्यात येऊ शकत होते. आज विजेच्या सिग्नलांनी आणि संगणकांनी यांतील कित्येक हुद्दे नाहीसे केले. पण शिस्तीचे तत्त्व तेच राहिले आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या मार्गाने एक वादळ पाहिले. १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा बार्शीच्या सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरे होती आणि निजामी हद्दीतून निघालेली निर्वासित कुटुंबे अलीकडे आसरा शोधत होती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर रेल्वेच्या व्यवस्थेचीही पुनर्रचना झाली : ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. आणि निजामाची रेल्वे यांसह मध्य रेल्वे अस्तित्वात आली, आणि १९५४ च्या आरंभी सरकारने बार्शी लाइट विकत घेऊन तीत सामील केली. लंडनमधील भागधारकांची कंपनी संपली, पण लोकांच्या जिभेवर ‘बार्शी लाइट’ हेच नाव राहिले. १९६६ मध्ये सोलापूर विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७७ मध्ये तो पुन्हा मध्य रेल्वेकडे आला. कचेऱ्यांच्या पाट्या अशा बदलत राहिल्या. छोट्या गाडीचा वेग मात्र बदलला नाही. दरम्यान एस. टी. गावोगाव पोहोचली, मालमोटार शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागली, आणि जे पोते दारातून उचलून थेट मुंबईच्या गोदामात टाकता येते ते कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा भरण्यात शहाणपण नाही, असे व्यापाऱ्यांनी ठरवले.

तेव्हा छोट्या मार्गाचे रुंदीकरण होणे अटळ होते. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांची मागणी जुनी होती; १९९० नंतर देशभर एकच माप ठेवण्याचे धोरण आले आणि काम हळूहळू मार्गी लागले. प्रथम कुर्डुवाडी-पंढरपूर हा सुमारे ५२ किलोमीटरचा टप्पा नव्या शतकाच्या आरंभी रुंद झाला. नंतर लातूरच्या बाजूने येणारे काम २००८ मध्ये कुर्डुवाडीस मिळाले. आणि पंढरपूर-मिरज टप्पा त्यानंतर दोन-तीन वर्षांत पुरा झाला. या कामात एक जुनी उणीव भरून निघाली, ती अशी की अरुंद मार्गाने बाजूला टाकलेल्या धाराशिव शहराला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, नव्या मार्गाने स्वतःचे स्थानक दिले. मुख्य मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरणही २०२२ च्या सुमारास झाले.

आजच्या कुर्डुवाडीत उतरणाऱ्याला त्यामुळे वेगळेच चित्र दिसते. मुंबई-सोलापूर सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेस या येथील लोकांच्या घरच्या गाड्या. पहिलीला सोलापूरच्या ग्रामदैवताचे नाव, तर दुसरीला १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे. मुंबई-लातूर एक्सप्रेस रात्रीतून मराठवाड्यात पोहोचवते, मिरज व पंढरपूरकडील गाड्या चालू आहेत, आणि आषाढी-कार्तिकीला विशेष गाड्या सोडल्या जातात. पुण्याला शिकणारा विद्यार्थी, सोलापूरच्या इस्पितळात जाणारा रुग्ण, केळी आणि भाजीपाल्याचा व्यापारी, सुट्टीवर येणारा जवान या साऱ्यांचा दिवस या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. कारखान्यात अजून अरुंद मापाच्या डब्यांचे काम होते. माथेरानच्या दोन फुटी गाडीचे डबे डोंगर उतरून दुरुस्तीसाठी या माळावर येतात. आणि ज्या लातूरला छोट्या गाडीचा शेवटचा थांबा होता तेथे आता रेल्वे डब्यांचाच कारखाना उभा राहिला आहे.

लातूरचा उतारू आता झोपमोड न होता कुर्डुवाडीवरून निघून जातो. व्यापाऱ्याचे पोते उतरत नाही, म्हणून हमालाची पाठ मोकळी झाली. पण तिच्याबरोबर त्याची मजुरीही गेली. फलाटाबाहेरच्या खानावळींपैकी पुष्कळ ओस पडल्या. म्हणून रुंदीकरण झाले हे वाईट झाले असे कोणी सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. मालाच्या चढउताराचे कष्ट आणि नासाडी हा समाजाला भरावा लागणारा एक अदृश्य कर होता आणि तो उठला हे इष्टच झाले. परंतु एका सार्वजनिक सोयीची किंमत एका विशिष्ट गावाने मोजली, हे वास्तव मान्य करून त्या गावाला दुसरा रोजगार मिळवून देणे ही सुधारणा करणाऱ्यांची जबाबदारी असते. कारखान्याला नवे काम देणे, तेथील कारागिरीची परंपरा टिकवणे आणि तीन प्रदेशांच्या या चौकावर शेतमालाच्या साठवणीची व पाठवणीची चांगली व्यवस्था करणे, हे त्याचे स्वाभाविक मार्ग आहेत.

कुर्डुवाडीचा समावेश रेल्वेच्या अमृत भारत स्थानक योजनेत झालेला आहे. अशा वेळी नव्या इमारतीच्या दर्शनी भागाची चर्चा जेवढी होते तेवढीच येथील इतिहासाच्या जतनाचीही व्हावी. जुनी नकाशेवही, वेळापत्रके, तिकिटे, सिग्नलचे हात, गोळ्यांची यंत्रे आणि कारखान्यातील हत्यारे भंगाराच्या लिलावात जाण्यापूर्वी त्यांची नोंद करून स्थानकाच्याच एका दालनात ती मांडता येतील. त्याहून निकडीचे काम म्हणजे छोट्या लाइनीवर नोकरी केलेल्या वृद्ध रेल्वेमनांच्या आठवणी टिपून घेण्याचे; कारण यंत्र गंजूनही काही वर्षे राहते, माणसाची स्मृती तेवढी थांबत नाही. हे काम रेल्वेच्या कचेरीतून आदेश येण्याची वाट पाहत बसण्याचे नाही. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर आणि मिरज येथील महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि इतिहासप्रेमी नागरिकांनी ते आपापल्या गावी आजच हाती घ्यावे.